रवींद्रनाथांची ‘छुटी’ : आशय आणि रचना

मूल उपाशी नाही, उघडे नाही, शाळेतही जाते. तरीही ते उपेक्षित असू शकते काय? रवींद्रनाथ ठाकुरांनी 1892 च्या सुमारास लिहिलेल्या ‘छुटी’ या कथेत हाच प्रश्न आहे. आप्तांची मुले शिक्षणासाठी घरी ठेवून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. म्हणून ही बंगाली कथा आपल्या वाचकांस परकी वाटू नये.

कथानक थोडके आहे. फटिक हा खेड्यातील पोरांचा म्होरक्या. उर्दूत ज्याला यतीम म्हणतात तसा, म्हणजे पितृहीन. त्याच्या खोड्यांनी जेरीस आलेली आई त्याला मामाबरोबर कलकत्त्यास धाडते. तेथे तीन मुलांच्या मामीला हा चौथा नकोसा होतो. तो आजारी पडतो, ताप अंगात असताना भरपावसात आईकडे जाण्यास निघतो, आणि पोलीस त्याला परत आणतात. आई येते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

या कथेत दुष्ट माणूस कोणीच नाही, हे तिचे मर्म आहे. मामा प्रेमळ आहे. मामी कजाग असली तरी क्रूर नव्हे. तिच्या आखलेल्या संसारात एक जागा कमी आहे, इतकेच. आईसुद्धा शांत धाकट्याला झुकते माप देते. म्हणजे उपेक्षा ही हेतूने घडत नाही, दुर्लक्षाने घडते. तेरा-चौदाचे वय तर मोठे विचित्र. बालपणाचे लाघव सरलेले असते आणि मोठेपणाचा मान मिळालेला नसतो. अशा मुलाला मायेची भूक सर्वांत अधिक असते, पण ती मागण्याची त्याला लाज वाटते. फटिक मामीचे काम उत्साहाने करू जातो, तर तिला तोही उपद्रवच वाटतो. शाळेत तो मठ्ठ ठरतो, मार मुकाट्याने खातो. त्याचे पुस्तक हरवते, तेव्हा मामेभाऊही त्याच्याशी नाते सांगायला लाजतात.

आता रचना पाहू. पहिल्या प्रसंगात नदीकाठी एक मोठा ओंडका आहे. पोरे तो ढकलतात, तर धाकटा माखन त्यावर ठाण मांडतो. 1891 सालच्या एका पत्रात रवींद्रनाथांनी शहाजादपूरच्या नदीकाठी पाहिलेला असाच खेळ वर्णिला आहे. तेथे डोलकाठीवर एक लहान मुलगी बसली होती. कथेत त्या जागी भाऊ आला, आणि खेळातून थेट घरातील भांडण उभे राहिले. पाहिलेले जसेच्या तसे न उतरवता कथेच्या गरजेप्रमाणे बदलणे, हे लेखकाचे कसब.

दुसरी खूण आहे निरोपाची. निघताना फटिक आपला गळ, पतंग, फिरकी सारे माखनला देऊन टाकतो. या एका कृतीने द्वाड पोराचे मन उघडे होते. लेखकाला टीका करावी लागत नाही.

तिसरी खूण पाण्याची. आगबोटीवरचे खलाशी दोरी सोडून किती वाव पाणी आहे ते सुरात मोजत. तापाच्या भ्रमात फटिक तेच मोजू लागतो आणि त्याला कोठेच तळ लागत नाही. मरण हा शब्द न उच्चारता मरण वाचकांपुढे येते.

शेवटी शीर्षक. घरी कधी जायचे, असे फटिक विचारतो तेव्हा मामा शाळेच्या सुट्टीचा वायदा करतो. ती सुट्टी कार्तिकात. फटिकची श्रावणातच येते. आईला तो हेच सांगतो, की आता सुट्टी झाली, आपण घरी निघालो. रोजचा साधा शब्द शेवटी एवढा जड होतो. मराठीतही ‘सुट्टी’ आणि ‘सुटका’ हे शब्द जवळचेच.

गरजू मुलाची फी आणि पुस्तके यांची तरतूद करणे हे धर्मादाय कार्य थोर आहे, आणि ते चालत राहिले पाहिजे. परंतु फटिकला ही तरतूद होती. त्याला हवे होते ते घरात आपली वाट पाहणारे कोणी माणूस. ज्यांच्या घरी वा वसतिगृहात परक्याचे मूल राहते, त्यांनी पुस्तक हरवले तर रागावण्यापूर्वी त्या मुलाच्या तोंडाकडे एकदा पाहावे, एवढे जरी या कथेने शिकवले तरी पुष्कळ झाले.