जमिनीखालचा हक्क : विकावा की राखावा?

शेत एकाचे आणि शेताखालचे तेल दुसऱ्याचे, असे आपल्याकडे म्हटले तर कोणाला नवल वाटणार नाही. कारण तो दुसरा म्हणजे सरकार, हे सर्वांना ठाऊक आहे. खनिज तेल काढण्याचा परवाना आपल्या देशात सरकार देते, आणि शेतकऱ्याच्या पदरी पडते ती वरच्या जमिनीच्या वापराची भरपाई. मुंबई हायचे तेल १९७४ साली सापडले ते तर समुद्राच्या तळाखाली; तेथे कोणाच्या सातबाऱ्याचा प्रश्नच आला नाही. अमेरिकेत खासगी जमिनीची गोष्ट निराळी आहे. तेथे जमिनीखालचे तेल, वायू, कोळसा मुळात जमीनमालकाचे मानले जातात, आणि वरची जमीन व खालचे खनिज या दोन वेगळ्या इस्टेटी करून विकता येतात. बापाने शेत विकावे, खनिज स्वतःकडे राखावे, आणि ते पुढे चार मुलांत व सोळा नातवंडांत वाटले जावे, असे तेथे सर्रास घडते. टेक्सास राज्यात तर खनिजाचीच इस्टेट वरचढ समजतात. खनिजवाल्याला विहीर खणण्यास वाजवी लागेल तेवढी वरची जमीन वापरता येते. शेतकरी कपाळाला हात लावून पाहत राहतो.

अशा एखाद्या नातवंडाच्या घरी एके दिवशी पत्र येते : तुमचा हिस्सा आम्ही अमुक डॉलरला घेतो. कधी सोबत सहीसाठी तयार केलेले खरेदीखतही असते. सही करावी की पत्र टोपलीत टाकावे?

प्रश्न दूरदेशीचा असला तरी तो आम्हाला परका वाटत नाही. एकरकमी घ्यावे की महिन्याचे महिन्याला घ्यावे, या एकाच प्रश्नावर आम्ही कामगारांबरोबर चाळीच्या जिन्यांवर कितीतरी रात्री घालविल्या आहेत. पेन्शन विकण्याचा अर्ज असो की गिरणी बंद पडल्यावरचा हिशेब असो, घेणाऱ्याची नजर रकमेवर खिळते आणि देणारा कशावर पाणी सोडायला लावतो आहे ते कागदाच्या पोटात राहून जाते. तेलाच्या सौद्यातही तसेच होते. विकणारा हातातल्या चेककडे पाहतो आणि विकत घेणारा चेकमध्ये अजून न आलेल्या गोष्टीचे पैसे मोजत असतो.

ते कसे, हे कळण्यासाठी पट्टा समजून घेतला पाहिजे. खनिजाचा मालक स्वतः विहीर खणत नाही, तेवढे भांडवल त्याच्याजवळ नसते. तो कंपनीला पट्टा देतो. सही करताना त्याला एकदा रोख रक्कम मिळते, तिला तिकडे बोनस म्हणतात (आपला दिवाळीचा बोनस तो नव्हे, त्यासाठी संप करावा लागत नाही). पुढे तेल निघाले तर उत्पन्नाचा ठराविक हिस्सा, म्हणजे रॉयल्टी. जुन्या पट्ट्यांत हा हिस्सा बहुधा एक-अष्टमांश असे. अलीकडे चांगल्या भागात मालक एक-पंचमांश, क्वचित एक-चतुर्थांशही मिळवितात. पट्ट्याची मुदत साधारण तीन ते पाच वर्षांची असते. पण त्या मुदतीत तेल लागले, तर जोपर्यंत किफायतशीर तेल निघत आहे तोपर्यंत पट्टा चालूच राहतो. वीस वर्षे, चाळीस वर्षे. तेल थांबले की हक्क मालकाकडे परत येतो आणि त्याला तो नव्याने, नवा बोनस घेऊन, देता येतो.

तेव्हा पट्ट्याखालचा हक्क विकणारा आजची रॉयल्टी तर विकतोच, पण त्याच जागेत पुढे खणल्या जाणाऱ्या विहिरींची रॉयल्टीही विकतो आणि पट्टा संपल्यावर पुन्हा पट्टा देण्याचा अधिकारही विकतो. पत्रात उल्लेख असतो तो बहुधा पहिल्याचा.

आता हिशेब मांडू. बाजारात भाव बोलतात तो मासिक उत्पन्नाच्या पटीत. कोणी छत्तीस पट म्हणतो, कोणी साठ. समजा, एका जुन्या विहिरीतून महिना ३०० डॉलर येतात आणि साठ पटीने १८,००० देऊ केले आहेत. जुन्या विहिरीची घट संथ असते. दरसाल दहा टक्के धरली व भाव स्थिर मानला, तर पहिल्या वर्षी ३,६००, दुसऱ्या वर्षी ३,२४०, असे करीत सातव्या वर्षी १८,००० भरून निघतात. त्यानंतर विहीर जितकी वर्षे चालेल ती सर्व वरकड.

नव्या विहिरीचे गणित अगदी उलटे आहे. शेल नावाच्या कठीण खडकात आडवे छिद्र पाडून, पाण्याच्या दाबाने खडक फोडून आता तेल काढतात. अशा विहिरीचे तेल पहिल्या वर्षाअखेर निम्म्याहून खाली येणे ही नित्याची गोष्ट आहे. पहिल्या वर्षी महिना १,००० डॉलर मिळाले, म्हणजे १२,०००. पुढे ४,८००, मग ३,४००, २,७००, २,३०० असे उतरत गेले, तर पाच वर्षांत मिळून २५,२०० होतात. येथे कोणी सुरुवातीच्या चेकच्या छत्तीस पट, म्हणजे ३६,००० देऊ करील, तर केवळ त्या एका विहिरीपुरता सौदा विकणाऱ्याच्या फायद्याचा आहे. मग व्यापारी इतका उदार का झाला? बहुधा त्याच जागेत आणखी विहिरी येणार असे त्याला दिसते म्हणून. पट तीच असली तरी विहिरीचे वय पाहिल्यावाचून तिला काही अर्थ नाही.

पुढच्या विहिरींची बातमी गुपित नसते. टेक्सासमध्ये विहीर खणण्याचे परवाने रेलरोड कमिशन देते व ते कोणालाही पाहता येतात. नाव रेल्वेचे आणि काम तेलाचे. शेवटची रेल्वेची जबाबदारी २००५ साली जाऊनही नाव तसेच राहिले आहे. आपल्या तुकड्याच्या आसपास कोणी परवाने मागितले आहेत हे न पाहता उत्तर देणे म्हणजे कंपनीचा ताळेबंद न वाचता पगाराच्या करारावर सही करणे होय.

जमिनीखाली काय आहे याचा अंदाज पिढीपिढीला बदलतो, हीही मोठी अडचण. पश्चिम टेक्सासच्या पर्मियन खोऱ्याचे उत्पादन १९७३ च्या सुमारास शिखरावर पोहोचले आणि पुढे तीन दशके उतरत गेले. खोरे आटले असे शहाणी माणसे म्हणू लागली. मग आडव्या विहिरी आल्या, आणि २०१० नंतरच्या दशकातच ते जुने शिखर मागे पडले. उतरत्या काळात ज्याने हक्क विकला त्याला त्या वेळचा भाव वाजवीच मिळाला असेल. पण पुढच्या थरांचे पैसे दुसऱ्याच्या घरी गेले.

याहून कटू उदाहरण केंटकीच्या पूर्वेकडील डोंगरी मुलुखाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे दलाल झोपडीझोपडीत फिरले आणि एकरी अर्ध्या डॉलरपासून थोड्या डॉलरांत जमिनीखालचे सर्व खनिज लिहून घेतले. कित्येकांनी सही म्हणून फुली मारली. खत असे होते की खनिज काढण्यासाठी वरच्या जमिनीचे काहीही करावे, मालकाने तक्रार करू नये. त्या काळी खाण म्हणजे डोंगरात खणलेले बोगदे. पुढे अवजड यंत्रे आली आणि त्याच खताच्या आधारे नातवंडांची शेते वरून खरवडून कोळसा काढण्यात आला; न्यायालयांनीही ते दीर्घकाळ मान्य केले. १९८८ साली मतदारांनी राज्यघटनाच दुरुस्त केली तेव्हा कोठे त्याला आळा बसला, आणि ती दुरुस्ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली उचलून धरली. विकणाऱ्याची फसवणूक भावात झाली त्यापेक्षा शब्दांत अधिक झाली, असे आमचे मत आहे.

म्हणून कधीच विकू नये काय? तसे आम्ही म्हणणार नाही. तेलाचा भाव मालकाच्या हातात नाही. २००८ च्या जुलैत पिंपाला १४७ डॉलरवर गेलेले तेल २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या वायदेबाजारात शून्याच्याही खाली उतरले होते. ज्याचे म्हातारपणाचे पोट एकाच विहिरीवर आहे त्याने काही भाग मोकळा करून पैसा दुसरीकडे गुंतविणे शहाणपणाचे आहे. करातही फरक पडतो. रॉयल्टीवर नेहमीच्या उत्पन्नासारखा कर बसतो, त्यातून काही सूट मिळते खरी. विक्रीच्या नफ्यावर दर बहुधा कमी असतो. वारसाने आलेल्या हक्काची किंमत आधीच्या मालकाच्या मृत्युदिनाची धरतात, म्हणून वारसा मिळाल्यावर लवकर विकले तर करपात्र नफा फारसा उरतच नाही. शिवाय सोळा वारसांचे चौसष्ट होऊन चेक काही डॉलरांवर आला, तर कागद सांभाळण्याचाच खर्च जड होतो. लुइझियाना राज्यात तर जमिनीपासून वेगळा केलेला हक्क दहा वर्षे न वापरल्यास जमीनमालकाकडे परत जातो. तेथे राखून ठेवणे म्हणजे सुरक्षित ठेवणे असे नाही.

घाई मात्र कोणाच्या हिताची नसते, अपवाद फक्त पत्र पाठविणाऱ्याचा. “पंधरा दिवसांत उत्तर द्या” असे पत्र आले की आम्हाला मालकांच्या नोटिसा आठवतात. खनिज पंधरा दिवसांत कोठे जात नाही. दुसऱ्या दोन व्यापाऱ्यांचे भाव मागवावेत, गेल्या दोन वर्षांच्या चेकच्या पावत्या काढून घट किती ते पाहावे, आणि त्या पावत्यांतून वाहतूक व प्रक्रियेच्या नावाने किती कापले जाते तेही पाहावे. मग खत स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्यावे. विशेषतः खताच्या शेवटी “या परगण्यातील माझे सर्व हक्क” अशी ओळ आहे काय ते पाहावे. एका तुकड्याचा भाव ठरवून सगळे तुकडे लिहून दिल्याचे मागाहून कळते. हिस्सा सर्वच्या सर्व विकण्याची सक्ती नसते. निम्मा विकता येतो. काही थरांपुरता किंवा ठराविक खोलीपर्यंतचा विकता येतो. व्यापारी प्रथम नको म्हणतो. पण त्याला जागा खरोखर हवी असेल, तर दुसऱ्या बैठकीत तो निम्म्यावर येतो.