स्टेटस चोवीस तासांचं, पुढचं काय?

नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहता? मग तुमच्या फोनमध्ये अभ्यासिकेचा एक ग्रुप असेल, मेसचा एक, मंडळाचा एक, शिवाय गावाकडच्या पोरांचा. त्यातल्या एखाद्यावर रात्री अकरानंतर 'त्यांना' धडा शिकवायची भाषा सुरू होते. 'ते' कोण, हे ग्रुपनुसार बदलतं. तुम्ही स्क्रोल करता आणि झोपता. बहुतेक सगळेच झोपतात. प्रश्न जाग्या राहणाऱ्या दोघा-तिघांचा आहे.

इथून आठ-दहा किलोमीटरवर हडपसर. मे 2014 च्या शेवटी फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फिरली. शहर तापलं, दगडफेक झाली, बस फुटल्या. 2 जूनच्या रात्री सोलापूरचा एक तरुण नमाज पढून मित्रासोबत खोलीवर परतत होता. आयटी कंपनीत नोकरी, तुमच्यासारखाच बाहेरगावाहून आलेला. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढंच पुरलं. हॉकी स्टिकने झालेल्या मारहाणीत तो गेला.

पुढे खटला साडेआठ वर्षं चालला. मध्ये काही आरोपींना जामीन देताना उच्च न्यायालयाने धर्माच्या नावाखाली ते भडकले, ही गोष्ट त्यांच्या बाजूची धरली. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो आदेश रद्द केला. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना निर्दोष सोडलं. खून झाला हे खरं. कुणी केला, हे सिद्ध झालेलं नाही. ती चित्रं फॉरवर्ड करणाऱ्यांचा तर विषयच निघत नाही.

जून 2023 मध्ये कोल्हापुरात निमित्त होतं व्हॉट्सअॅप स्टेटसचं, आणि ते ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलंही निघाली. 7 जूनला शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, मग इंटरनेट बंद. ज्यांची दुकानं फुटली, त्यांनी ते स्टेटस पाहिलं तरी होतं का? माझ्या मते ही पोरं औरंगजेबाचा इतिहास वाचून स्टेटस ठेवत नाहीत. समोरच्या गल्लीतल्या पोराला खुन्नस द्यायची असते. तो उलट स्टेटस ठेवतो, कुणीतरी स्क्रीनशॉट काढतो, आणि दोन पोरांचं भांडण गावाचं होतं.

धुळ्याच्या राईनपाड्यात तर धर्माचाही मुद्दा नव्हता. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा, आणि 1 जुलै 2018 ला जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात फॉरवर्डला एका वेळी पाच चॅटची मर्यादा जाहीर केली. पाच ग्रुप, प्रत्येकी दोनशे माणसं. एका बोटात हजार झाले की राव!

कायद्याचं थोडक्यात : दोन समाजांत तेढ वाढवली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा. अठराच्या आतले बाल न्याय मंडळापुढे जातात, तुम्ही थेट कोर्टात. एमपीएससीवाल्यांना चारित्र्य पडताळणीचा फॉर्म माहीत असेलच.

आणि जागा राहणारा तो तुमचाच रूममेट असेल, तर त्याला ग्रुपवर टोकू नका. तिथे सगळे बघत असतात, तो मागे हटणार नाही. मेसला जाताना बोला.