मागच्या क्रॉसचा आवाज

ट्रक बिघडला की चर्चा इंजिनाची होते. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलच्या हौजिंगपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि त्याच्या सांध्यात बसलेला क्रॉस कुणाच्या बोलण्यात नसतो. माझ्या कानावर तो पडला एका ड्रायव्हरमुळे. माल भरून तयार असलेली गाडी त्याने जागेवरच थांबवली होती. “क्रॉस वाजतोय, घाट नको,” एवढंच त्याचं कारण. नुसत्या आवाजावर माणूस इतका ठाम कसा राहतो, हे समजून घ्यायला मी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत, शाफ्टचंच काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो.

या सांध्याचा इतिहास जुना आहे. युरोपात त्याला कार्डानोचं नाव आहे, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इटालियन गणितज्ञाचं. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने तो यंत्रात वापरला. मोटारीत तो रुळला क्लॅरेन्स स्पायसरमुळे. साखळीऐवजी शाफ्टने चाकं फिरवण्याच्या खटपटीतून या अमेरिकन विद्यार्थ्याने १९०३ साली पेटंट मिळवलं आणि पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू केलं. आपल्याकडे १९५४ पासून टाटांनी डायम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, त्या ट्रकांमधूनही हा क्रॉस इथल्या मिस्त्रींच्या हातात आला.

खिळवून ठेवते ती त्याची रचना. अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा, त्याच्या चार टोकांवर चार कप, आणि प्रत्येक कपात कडेने उभ्या लावलेल्या बारीक सुया. गिअरबॉक्स चासीला पक्का, मागचा ॲक्सल मात्र पाट्यांवर वरखाली होणारा. दोघांमधला बदलता कोन हा तुकडा सांभाळतो. पण एकटा क्रॉस फिरकी सारखी पुढे देत नाही. कोन ३० अंशांचा असेल तर एकाच फेरीत बाहेरचा वेग दोनदा सुमारे १५ टक्के वाढतो आणि दोनदा १३ टक्के घटतो. ट्रकमधला कोन बराच लहान असतो, तरी हा दोष शिल्लक राहतोच. तो निघतो शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या क्रॉसने, तेही दोन्हीकडचे कोन सारखे आणि शाफ्टवरचे दोन्ही योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन कानांचे चिमटे, एका रेषेत असतील तर. एकाने बिघडवलेलं दुसऱ्याने त्याच मापात दुरुस्त करायचं, ही कल्पना मला फार सुंदर वाटते. आणि कोन शून्य असणंही बरं नाही. मग सुया फिरतच नाहीत, एकाच जागी धक्के खात टोकांवर चरे पाडतात.

मिस्त्री साठीच्या आसपासचे. सगळे त्यांना मामा म्हणतात. समोर सहाचाकी ट्रक, रिकामा. “मामा, तिसऱ्यातून चौथ्यात टाकला की खालून टक्क होतं,” ड्रायव्हरने सांगितलं. मामांचे प्रश्न लगेच सुरू झाले. पाय सोडल्यावर होतं का? रिव्हर्स टाकताना? हळू चालवताना कुईकुई येते का? थरथर गाडीच्या वेगाबरोबर वाढते की इंजिनाच्या? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. शाफ्टची थरथर रस्त्यावरच्या वेगाला बांधलेली असते. त्याच वेगात गिअर बदलला तरी ती तशीच राहते.

मग चाकांना चारही बाजूंनी उटी लावून गाडी न्यूट्रलमध्ये. मामा खाली शिरले. क्रॉसच्या एका बाजूला डावा हात, दुसऱ्या बाजूला उजवा, आणि उलटसुलट पीळ. मला त्यांनी जवळ बोलावून बोटं सांध्यावर ठेवायला लावली. शाफ्ट आणि हौजिंगकडची फ्लँज मिळून हलत असतील तर ढिलाई आतल्या क्राउन-पिनियन गिअरची, आणि तिथे थोडी असायलाच हवी. फ्लँज थांबलेली आणि योक एकटा हलत असेल तर गेला क्रॉस. मागचा हलत होता. कपाच्या कडेला तांबूस पूड साचली होती: ग्रीस संपल्यावर सुया आणि पोलाद एकमेकांना घासून झालेला गंज.

शाफ्ट उतरवण्याआधी मामांनी फ्लँजवर आणि स्लीव्हच्या दातेरी जोडावर छिन्नीने खुणा केल्या. खडूची खूण ग्रीसने पुसते, आणि स्लीव्ह एक दात चुकवून बसली तरी योकची रेष मोडते. नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरत राहते आणि दोष उगाच नव्या मालावर येतो. बोल्ट सोडताना त्यांनी हाताखालच्या पोराला उट्या पुन्हा तपासायला लावल्या. शाफ्ट निघाला की गाडी गिअरमध्ये असून उपयोग नाही, इंजिन आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. उतारावर हे विसरणारा माणूस गाडीखालीच असतो.

कप अडकवून ठेवणारी लॉक काढून कप दाबयंत्रावर बाहेर काढले. रस्त्याकडेला हे हातोड्याने उरकतात, त्यात योकचे कान वाकतात आणि नवा क्रॉस पहिल्या दिवसापासून आखडतो. नवे कप मात्र मामा हातानेच सुरू करतात. एक सुई आडवी पडली तर कप पूर्ण बसत नाही आणि लॉक खाचेत जात नाही. “लॉक जात नसेल तर ठोकायचं नाही, उघडायचं,” मामा पोराला म्हणाले. ग्रीस भरायचं निपल ग्रीसगनला सापडेल अशा बाजूला आलं. चारही कपांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारला. तीन कपांतून आलं, चौथ्यातून नाही, तर तो कप हलवून पुन्हा.

काम इथे संपायला हवं होतं. खरी अडचण पुढे आली, पैशांची आणि वेळेची. इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचं गुणोत्तर ७ धरलं तर शाफ्टवर २८०० न्यूटन-मीटर येतात, आणि ते पेलायचे त्या सुयांनी. बाजारात हुबेहूब दिसणारा हलका क्रॉस निम्म्या किमतीत मिळतो. त्याच्या टोकांचं पोलाद मऊ असलं तर थोड्याच दिवसांत चरे पडतात, आणि ते डोळ्यांना आधी दिसत नाही. काही नव्या क्रॉसना निपलच नसतं, कंपनीत एकदा भरलेलं ग्रीस तेवढंच. ज्यांना आहे त्यांच्याकडे खाली वाकायला ड्रायव्हरला वेळ मिळत नाही. माल पोचवण्याची वेळ मालकाच्या फोनवर मोजली जाते. पुढचा सांधा चालत्या गाडीत सुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुतून गाडी उचलली जाऊ शकते. त्यासाठी शाफ्टखाली लोखंडी कडं बसवतात. या ट्रकला ते नव्हतं, नुसती बोल्टची भोकं होती.

मामांनी मधला, म्हणजे शाफ्टच्या दोन तुकड्यांमधला क्रॉसही दाबून पाहिला. तो हलत नव्हता, पण फिरवताना मध्येच अडखळत होता, म्हणजे चरे सुरू झाले होते. दोन्ही एकदम बदला, कडंही लावा, असं त्यांनी सांगितलं. ड्रायव्हरने बाजूला जाऊन मालकाला फोन लावला. मागच्याचे पैसे मंजूर झाले, मधल्याचे पुढच्या फेरीला, कड्याचं नंतर बघू. मामांनी वाद घातला नाही. मधल्यात ग्रीस भरलं, बिलबुकात “मधला क्रॉस खराब, कडं नाही, सांगितलं आहे” असं लिहिलं आणि त्याखाली ड्रायव्हरची सही घेतली. मग त्याला म्हणाले, “दादा, खंबाटकी घाटात आवाज आला तर गाडी बाजूला घे, मला फोन कर. मालकाला नंतर.”