बुद्धीचे माप

मुलांनो, कापड मोजावयास गज असतो आणि धान्य मोजावयास पायली. बुद्धी मात्र कशाने मोजावी? आल्फ्रेड बिने या फ्रेंच पंडिताने १९०५ साली एक बुद्धिमापन चाचणी तयार केली. परंतु ती पॅरिसच्या शाळांतील मुलांकरिता होती. पुढे तसलीच मापे साऱ्या जगास लावण्यात आली, आणि घोटाळा झाला तो तेथेच.

चंद्रपूर जिल्ह्यातून १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाकडे पाहा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ सालापासून तेथे आरोग्याचे कार्य करीत आहे. त्या काळी न्यूमोनियाने तेथील पुष्कळ बालके दगावत. या रोगात बाळाचा श्वास फार जलद चालतो. मिनिटाला ५० श्वास, आणि दोन महिन्यांच्या आतील तान्ह्या बाळाचे ६० श्वास, ही धोक्याची खूण त्यांनी ठरविली. परंतु गावोगावच्या सुइणी निरक्षर होत्या. एवढे आकडे त्यांना मोजता येत नसत. मग त्यांस मंदबुद्धी म्हणावयाचे काय? ज्यांच्या हातांवर साऱ्या गावाची बाळे जन्मली, त्यांस?

डॉक्टरांनी मोजण्याची रीतच बदलली. त्यांनी एक साधे उपकरण तयार केले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असतात. घड्याळ उलटे करावयाचे आणि दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवावयाचा. तान्ह्याच्या ओळीत सहा मणी, दुसरीत पाच; शेवटचा मणी तांबडा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला, की समजावे न्यूमोनिया! दहापर्यंत मोजणे सुइणींना येतच होते. गावातच औषध देण्याच्या बंग यांच्या प्रयोगात या सुइणीही होत्या. तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. हा वृत्तांत १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आफ्रिकेतील लायबेरिया देशातही एक मौज घडली. काही संशोधकांनी तेथील क्पेले शेतकऱ्यांपुढे बऱ्याच वस्तू ठेवून त्यांचे गट पाडावयास सांगितले. खाद्यपदार्थ एकीकडे आणि हत्यारे दुसरीकडे, अशी त्यांची अपेक्षा होती. शेतकऱ्यांनी संत्र्याजवळ सुरी ठेवली. सुरीने संत्रे कापतात म्हणून! शहाणा मनुष्य असेच करील, असे त्यांचे म्हणणे. शेवटी कंटाळून एका संशोधकाने विचारले, “मग मूर्ख मनुष्य कसे करील?” तत्क्षणी खाद्यपदार्थ एकीकडे झाले, हत्यारे दुसरीकडे, अगदी पाहुण्यांना हवे होते तसे.