सौर लघुजाल : उभारणीचा पैसा आणि चालविण्याचा पैसा

डोंगरमाथ्यावरील पंधरा-वीस उंबऱ्यांची वाडी, खाडीपलीकडील बेट किंवा राखीव जंगलातील पाडा अशा ठिकाणी विजेची तार नेणे अवघड व खर्चाचे असते. तार कित्येक किलोमीटर न्यावयाची आणि तिच्या टोकाशी वापर मूठभर घरांचा, असा हा व्यवहार आहे. देशातील सर्व वसलेल्या गावांपर्यंत वीज पोहोचल्याची घोषणा केंद्र शासनाने २८ एप्रिल २०१८ रोजी केली. तथापि, गावास वीज मिळाली म्हणजे त्या गावच्या प्रत्येक वाडीस ती मिळाली, असे नेहमीच होत नाही. अशा वस्त्यांसाठी सौर लघुजाल हा एक उपाय आहे.

रचना कशी असते?

वस्तीजवळील मोकळ्या जागेत सौर पॅनेल बसवितात. दिवसा तयार झालेली वीज बॅटऱ्यांत साठविली जाते. इन्व्हर्टर तिचे घरगुती वापराच्या विजेत रूपांतर करतो आणि छोट्या खांबांवरील तारांनी ती घरोघरी पोहोचते. घराच्या छपरावरील एकट्या संचावर दिवे व पंखा चालतो. लघुजालावर मात्र पिठाची गिरणी, पाण्याचा पंप व शाळेतील उपकरणेही चालू शकतात.

उभारणीचा पैसा

उभारणीचा खर्च एकदम करावा लागतो आणि तो वस्तीच्या आवाक्याबाहेरचा असतो. तो बहुधा शासकीय अनुदान, बँकेचे कर्ज, उद्योगसमूहाचे साहाय्य किंवा खाजगी गुंतवणूक यांतून उभा राहतो. २००५ साली सुरू झालेल्या राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेत अशा विकेंद्रित प्रकल्पांना खर्चाच्या ९० टक्के अनुदान देण्याची तरतूद होती. २०१६ सालच्या उत्तर प्रदेशच्या लघुजाल धोरणाने खाजगी उभारणीस ३० टक्के अनुदान देऊ केले. त्या बदल्यात ५० वॅटच्या जोडणीस दरमहा ६० रुपये व १०० वॅटच्या जोडणीस १२० रुपये असा दर बांधून दिला. २००३ च्या विद्युत अधिनियमानुसार, राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या ग्रामीण क्षेत्रात वीज निर्माण करून वाटण्यास परवाना लागत नाही.

चालविण्याचा पैसा

पुष्कळ ठिकाणी उभारणीलाच समाप्ती मानले जाते. वास्तविक खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. सौर पॅनेल सुमारे २५ वर्षे काम देते; परंतु शिसे-आम्लाची बॅटरी साधारणतः पाच-सहा वर्षांत निकामी होते. त्या दिवशी पैसा शिल्लक नसेल, तर लाखो रुपयांचे केंद्र असूनही वस्ती पुन्हा अंधारात जाते.

हिशेब एका उदाहरणाने पाहू. समजा, वस्तीत ४० घरे आहेत आणि पाच वर्षांनी बॅटऱ्या बदलण्यास तीन लाख रुपये लागणार आहेत. तीन लाखांस ६० महिन्यांनी भागिले असता दरमहा ५,००० रुपये, म्हणजे प्रत्येक घरामागे १२५ रुपये होतात. देखभाल करणाऱ्या तरुणाचे मानधन २,००० रुपये धरल्यास आणखी ५० रुपये आणि किरकोळ दुरुस्तीसाठी २५ रुपये. एकूण २०० रुपये झाले. यांतील १२५ रुपये आज खर्चावयाचे नाहीत, ते बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावयाचे आहेत. महिन्याला ७५ रुपयेच गोळा करणाऱ्या वस्तीचे दिवे पाच वर्षे उत्तम जळतील. सहाव्या वर्षी मात्र ते विझण्याचा धोका आहे.

गरिबाच्या घराला २०० रुपये जड वाटतील, हे खरे. त्यावर उपाय म्हणजे दिवसा चालणाऱ्या गिरणीस व पंपास वीज विकणे. ही वीज बॅटरीत साठवावी लागत नाही आणि तिच्या उत्पन्नाने घरांवरील भार हलका होतो.

अनुभव काय सांगतो?

पश्चिम बंगालमधील सागर बेटावर कमलपूर येथे १९९६ साली सौर वीज केंद्र सुरू झाले. भांडवल शासकीय होते. वीज घेणाऱ्या कुटुंबांनी मासिक आकार भरावयाचा होता. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील दरेवाडी या सुमारे ४० घरांच्या आदिवासी वस्तीत २०१२ साली ९.४ किलोवॅटचे लघुजाल उभे राहिले. भांडवल एका उद्योगसमूहाच्या साहाय्यातून आले. परंतु घरोघरी मीटर बसले आणि वसुलीची जबाबदारी ग्रामस्थांच्याच न्यासाकडे आली.

बिहारमधील धरनई गावचा अनुभव निराळा आहे. तेथे जुलै २०१४ मध्ये १०० किलोवॅटचे लघुजाल सुरू झाले आणि त्याचा देशभर गौरव झाला. त्यानंतर लवकरच गावात सरकारी वीज आली. ती स्वस्त असल्याने ग्राहक तिकडे वळले. काही वर्षांत बॅटऱ्या निकामी झाल्या व केंद्र बंद पडले. उद्या तार आली तर केंद्राचे काय करावयाचे, हे करारातच लिहून घेतले पाहिजे, हा यातील धडा आहे. उत्तर प्रदेशच्या धोरणात असे केंद्र वीज कंपनीकडे सोपविण्याची किंवा त्याची वीज कंपनीस विकण्याची तरतूद आहे.

ग्रामसभेने विचारावयाचे प्रश्न

आपल्या वस्तीसाठी असा प्रस्ताव आल्यास ग्रामसभेने पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात. बॅटऱ्या किती वर्षांच्या हमीच्या आहेत? त्या बदलण्याचा निधी कोणाच्या नावे राहील? दुरुस्तीस माणूस किती दिवसांत येईल? थकबाकीदाराची जोडणी तोडण्याचा अधिकार कोणास राहील? तार आल्यावर केंद्र कोणाच्या मालकीचे होईल? उत्तरे लेखी असावीत व ठरावासोबत जोडावीत.

शिक्षकांनाही यात मोलाचे कार्य करता येईल. महिन्याचा जमाखर्च आणि बॅटरी निधीची शिल्लक शाळेच्या फळ्यावर लिहिली, तर मुले ती वाचून घरी सांगतील. हिशेब सर्वांस दिसला म्हणजे वर्गणी मागावी लागत नाही. सूर्य आपले देयक पाठवीत नाही. बॅटरीचे देयक मात्र ठरल्या वेळी येते. त्याची तरतूद पहिल्या महिन्यापासून करणाऱ्या वस्तीचाच दिवा तेवत राहील.