एका पोलाद-नगराचा धडा

हंगेरीची राजधानी बुडापेस्टपासून सुमारे ७० किलोमीटर दक्षिणेस, डॅन्यूब नदीच्या उजव्या तीरावर दुनाउयवारोश हे शहर आहे. नावाचा अर्थ ‘डॅन्यूबकाठचे नवे शहर’. आपल्याकडे हे नाव फारसे कुणाला ठाऊक नसेल. परंतु एकाच कारखान्याच्या आधारावर शहर वसवले, तर पुढे काय होते, हा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी त्याची कहाणी जाणून घ्यायला हवी.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या साम्यवादी राजवटीला मोठा पोलाद कारखाना हवा होता. त्यासाठी पहिली पसंती होती दक्षिणेकडील मोहाच या गावाला, कारण देशातला कोळसा तिथून जवळ होता. मात्र १९४८ मध्ये स्टालिन आणि टिटो यांच्यात बिनसले. युगोस्लाव्हियाच्या सीमेलगत एवढा मोठा उद्योग उभारणे धोक्याचे ठरले आणि प्रकल्प उत्तरेला, दुनापेंतेले या काही हजार वस्तीच्या गावी हलवण्यात आला. कामाला १९५० मध्ये सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी शहराला स्टालिनचे नाव मिळाले; ‘स्तालिनवारोश’ हे ते नाव १९६१ पर्यंत टिकले.

म्हणजे जागा ठरवली ती खनिजाने नव्हे, तर परराष्ट्र धोरणाने. जवळपास लोहखनिज नव्हते. ते सोव्हिएत संघातून आणावे लागे. भूगोलाची खरी देणगी एकच होती, जलमार्गाची. नदीकाठच्या पठाराने मात्र स्वतःची किंमत वसूल केली. हे पठार लोएस या वाऱ्याने आणून टाकलेल्या मऊ मातीचे आहे. पाणी मुरले की ती ढासळते. १९६४ मध्ये तीराचा मोठा भाग खचला. त्यानंतर पाण्याचा निचरा करून आणि उतार बांधून काढून तीर सावरावा लागला. आज तिथे उद्यान आहे आणि त्यात पोलादी शिल्पे उभी आहेत.

तरीही शहर वाढले. वास्तुविशारद तिबोर वाइनर यांच्या आराखड्यानुसार कामगारांसाठी घरे, शाळा, रुग्णालये आणि रुंद रस्ते झाले. लोकसंख्या साठ हजारांपर्यंत पोहोचली. ज्यांना खेड्यात जमीन नव्हती, त्यांना येथे पगार आणि प्रतिष्ठा मिळाली. ही बाजू दुर्लक्षून चालणार नाही.

१९८९ नंतर मात्र सोव्हिएत बाजारपेठ नाहीशी झाली. २००४ मध्ये कारखाना युक्रेनमधील डॉनबास समूहाच्या हाती गेला. पुढे युक्रेनवरील आक्रमण आणि युरोपातील ऊर्जेची भडकलेली किंमत यांचा फटका बसला, आणि २०२२ च्या अखेरीस कंपनी अवसायनात निघाली. चार हजारांहून अधिक कामगारांचे भवितव्य टांगणीला लागले. २०२३ मध्ये लुधियानात जन्मलेले उद्योजक संजीव गुप्ता यांच्या लिबर्टी समूहाने कारखाना घेतला, विद्युत भट्टीची योजना जाहीर झाली. पण उत्पादन पूर्वपदावर आले नाही. शहराची लोकसंख्याही आता पूर्वीच्या तुलनेत बरीच रोडावली आहे.

शहर अगदी उघडे पडले नाही, याचे कारण मधल्या काळात आलेली विविधता. जवळच्या राचाल्माशमध्ये २००७ पासून हांकूक कंपनीचा टायर कारखाना चालतो, शहरात कागदनिर्मितीचा मोठा उद्योग आहे, विद्यापीठ आहे. २००६ मध्ये एम-६ महामार्ग आला, पुढच्या वर्षी डॅन्यूबवर नवा पूल झाला. पोलादाने दिलेली प्रत्येक नोकरी यातून भरून निघणार नाही. परंतु ही कामे आधी झाली नसती, तर संकट कितीतरी गहिरे असते.

आपल्यासाठी यातला धडा स्पष्ट आहे. १९५५ च्या सोव्हिएत करारातून भिलाई उभी राहिली, तिच्याजवळ दल्ली-राजहराचे खनिज होते. म्हणून तिची स्थिती निराळी. पण विश्वेश्वरय्यांचे नाव लाभलेल्या कर्नाटकातील भद्रावतीच्या कारखान्याला जानेवारी २०२३ मध्ये ‘सेल’ने कुलूप लावण्याचे ठरवले, तेव्हा अख्खे शहर हादरले. आंदोलनानंतर त्याचा काही भाग पुन्हा चालू झाला, पण प्रश्न संपला नाही.

अशा शहरांना पर्यायी उद्योग, कौशल्य प्रशिक्षण आणि दळणवळण यांची तजवीज कारखाना नफ्यात असतानाच करावी लागते. भट्टी विझल्यावर जे योजिले जाते ते पुनर्वसन असते, धोरण नव्हे. रूरकेला, बोकारो, दुर्गापूर यांचे पुढील पन्नास वर्षांचे नियोजन आजच मांडले जात आहे काय, हा प्रश्न संसदेत आणि राज्यांच्या विधानसभांत विचारला गेला पाहिजे.