वेडेबागडे भयपट – ६ : टोमॅटो चवताळतात तेव्हा

मागच्या आठवड्यात एड वुडच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'बद्दल लिहिलं होतं. वुडला मनापासून वाटायचं, आपण झकास सिनेमा करतोय. लोक हसले ते त्याच्या भाबडेपणाला. 'अटॅक ऑफ द किलर टोमॅटोज' (१९७८) मात्र ठरवून टुकार केलेला आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे.

जॉन डी बेलो, कोस्टा डिलन आणि स्टीव्ह पीस ही सॅन डिएगोची मित्रमंडळी. विद्यार्थिदशेत सुपर-एटवर केलेल्या छोट्या फिल्मवरून त्यांनी एक लाख डॉलरच्या आत पूर्ण लांबीचा सिनेमा उभा केला. हॉलिवूडने तोवर मुंग्या, बेडूक, अगदी ससेसुद्धा माणसांवर सोडून झाले होते. यांनी टोमॅटो सोडले.

काही विनोद फर्मास आहेत. एका खुराड्याएवढ्या खोलीत अवाढव्य टेबल कोंबलंय आणि लष्करी अधिकारी खुर्ची गाठण्यासाठी एकमेकांना तुडवत त्यावरून सरपटतायत. वेषांतरात पटाईत असलेला एक हेर टोमॅटो बनून शत्रूच्या गोटात शिरतो, रात्री शेकोटीभोवती जेवायला बसतो आणि बोलून जातो, ''जरा केचप देता?''

पण सगळ्यात लक्षात राहतो तो न ठरवलेला प्रसंग. सुरुवातीलाच एक हेलिकॉप्टर उतरताना गरकन फिरतं, कोसळतं आणि पेट घेतं. हा अपघात खरा होता. आतली माणसं बचावली, कॅमेरा चालूच होता. भाड्याने आणलेलं हेलिकॉप्टर जळालंच आहे, तर वाया कशाला घालवा, म्हणून तो तुकडा सिनेमात ठेवला.

समीक्षकांनी सिनेमा झोडपला. १९८०च्या 'गोल्डन टर्की अवॉर्ड्स' या पुस्तकाने त्याला 'सर्वांत वाईट भाजीपट' ठरवलं. माझ्या मते झोडपणारे फारसे चुकले नव्हते. मुद्दाम केलेला टुकारपणा वीसेक मिनिटं गंमत देतो, नंतर दमवतो. वुडला हसताना आपण त्याला पकडल्याचा आनंद असतो. इथे दिग्दर्शकच शेजारी बसून कोपराने ढोसत राहतो. तरी सिनेमा तगला, तो नावावर आणि शीर्षकगीतावर. कितीतरी लोकांनी न पाहताच तो पाहिल्यासारखा सांगितला असेल!

शेवटी टोमॅटो मरतात एका भिकार प्रेमगीताने. कानावर इयरमफ चढवून बसलेल्या टोमॅटोला नायक गाण्याचं नोटेशन वाचायला लावतो. ते गाणं गायलेला पोरगा मॅट कॅमेरॉन पुढे साउंडगार्डन आणि पर्ल जॅमचा ड्रमर झाला. स्टीव्ह पीस तर राजकारणात शिरून कॅलिफोर्नियाच्या सिनेटपर्यंत पोचला.

१९८८मध्ये दुसरा भाग आला, 'रिटर्न ऑफ द किलर टोमॅटोज'. त्यात तरुण जॉर्ज क्लूनी आहे. अर्ध्यावर निर्मात्याचे पैसे संपतात आणि पात्रं संवाद म्हणता म्हणता मालाची जाहिरात करू लागतात. पहिल्यापेक्षा तो कितीतरी चटपटीत आहे. वेळ एकाच सिनेमापुरता असेल, तर सरळ दुसरा लावा.